घोड्यामागची मोटार

पावणं, तुमी मोटारीतनं आलासा, खुशाल बसा, च्या घ्या. पण 'लई जोरात आलो' म्हणून मला सांगू नगा. जोर म्हंजे काय ते ह्या सिकंदरला इचारा. कोल्हापुरात मोटार दिसली की माणसं दुकान उघडं टाकून बघायला पळायची, त्या दिवसात मी काटा पन्नासावर नेलाय. आणि त्याचं मला काय मिळालं म्हणता? ऐका तर. सांगताना मला राग येतो, तेवढा सोसून घ्या.

माझा बाप मौला. गणपतराव सरकारांच्या तबेल्यात बग्गी हाकायचा. सरकार म्हंजे इनामदार, पाच-सहा गावचा वसूल, दाराला हत्ती न्हवता एवढंच. बापामागं मी लगाम धरला. मग सरकारांच्या डोक्यात मोटार शिरली. मोटार घ्यायची तर ती चालवणारा पायजे, म्हणून मला मुंबईला धाडलं. तिथं एका पारशाच्या कारखान्यात मी शिकलो. पहिले काय दिवस नुसतं तेल पुसलं, नटबोल्ट धुतलं. मग एका पहाटे त्यो म्हातारा पारशी मला समुद्राकडंच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, "आता दाब पाय. घाबरू नको, मी बसलोय."

मी पाय दाबला. खोटं कशाला सांगू, मी रडलो. वाऱ्यानं पाणी येतं डोळ्याला, तसलं न्हवं. सगळा जन्म घोड्याच्या दमानं चाललेला माणूस मी. घोडं दमलं की आपण थांबायचं, घोड्याला तहान लागली की आपण उतरायचं. आणि हितं माझ्या पायाखाली एक जनावर हुतं की मी म्हणंल तेवढं पळायचं आणि दमायचं नाव न्हाय. त्या दिवशी मनाशी म्हणालो, सिकंदर, तुझा जन्म ह्याच्यासाठी हाय.

मोटार घेऊन कोल्हापुरात आलो. हिरवीगार, पुढं पितळी दिवे, आत लाल कातडं. निम्मं गाव बघायला लोटलं. सरकार पोशाख करून, जरीचा पटका बांधून बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आकाराम कुठाय?"

आकाराम म्हंजे सरकारांचा म्होरला स्वार. सरकार कुटंबी निघाले की हा आपला घोडीवर बसून, हातात झेंड्याचा भाला धरून पुढं चालायचा, आणि "बाजूऽऽ! सरकार येतायतऽऽ!" म्हणून वरडायचा. जिथं जायचं त्या गावात आधी हा पोचणार, सांगावा देणार, मग गाव वाजंत्री घेऊन वेशीला सामोरं येणार, मग सरकार आत पाऊल टाकणार. पणजोबापासनं चालत आलेला मान हुता तो.

मी म्हणालो, "सरकार, आता स्वार कशाला? मोटारीचा आवाजच मैलभर जातो की."

"वाहन बदललं म्हणून मान बदलत न्हाय, सिकंदर. आकाराम म्होरं चालंल, तू मागनं ये."

झालं! माझ्या नशिबाला ती तांबडी घोडी आली. अवो, काय सांगू तुमाला! चाळीस-पन्नास मैल पळणारी मोटार, आणि तिनं म्हाताऱ्या घोडीच्या मागनं दुडक्या चालीनं जायचं! पहिल्या गेरात इंजिन घुरघुर करायचं, तापायचं, पुढनं वाफ निघायची. की थांबायचं, पाणी घालायचं. तोवर आकाराम घोडीवरनं उतरून तंबाखू मळणार. घोडीची सगळी धूळ आमच्या तोंडावर. घोडीनं रस्त्यात घाण केली की ती माझ्या चाकाला. आणि भोंगा वाजवायचा न्हाय, का? तर घोडी बुजती! मुंबईवरनं आणलेला पितळी भोंगा नुसता फडक्यानं पुसायला.

शाहूपुरीतनं जायची मला लाज वाटायची. तिथं बसलिंगाप्पा गूळवाला दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा. बघितलं की सुरू. "काय सिकंदर, घोडी मोटार वढतीया का मोटार घोडीला ढकलतीया?" सगळी पेठ हसायची. घरी आलो की आमची खतिजा वेगळीच. भाकरी वाढता वाढता म्हणायची, "घोडीचं शेपूट बघायला मुंबईपतोर कशाला गेलतासा? हितंच बघायचं हुतं की." मी ताट सारून उठायचो. मला खरंच लई वंगाळ वाटायचं. शिकलेलं हाताला खाज आणतं, आणि ती खाजवायची सोय न्हाय.

असं वरीसभर चाललं. शेवटी सरकारबी कातावले. एकदा पंचगंगेच्या घाटावर गाडी तापून बंद पडली, बग्गीवाले शेजारनं हसत गेले, आणि सरकार मला म्हणाले, "हिच्यापरीस आपली बग्गी बरी हुती. विकून टाकतो ही धोंड. तू तबेल्यात परत जा, लगाम धर."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी हात जोडले. "सरकार, एकदा तिला मोकळी सोडून बघा. एकदाच. मग काय करायचं ते करा."

सरकारांनी जरा इचार केला. त्यास्नी एकुलती एक धाकटी बहीण, शालूबाई. मुरगुडाच्या वाटेवर नदीच्या अलीकडं एका गावात दिलेली. गावाचं नाव सांगत न्हाय, तिथली माणसं अजून मला बघून हसत्यात. तर त्या शालूबाईच्या लेकीचं लगीन ठरलं हुतं, तिच्याच घरच्या मांडवात, आणि मुहूर्त दुपारचा हुता. आता आमच्याकडं लग्नात नवरीच्या मागं मामा उभा लागतो. मामानंच तिला बोहल्यावर आणायची. सरकारांनी त्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलेली. ते म्हणाले, "ठीक हाय. लग्नाला मोटारीनं जाऊ. मुहूर्ताला पोचलो तर गाडी राहील, तूबी राहशील. न्हाय पोचलो तर दुसऱ्या दिवशी गाडी विकली म्हणून समज."

"पण सरकार, आकाराम म्होरं असला तर कसं पोचायचं?"

"म्होरं तर त्यो पायजेच."

मग मी डोकं चालवलं. म्हणालो, "त्याला पहाटंच धाडू या की. म्होरंच राहील, पण लई म्होरं. आपुन सावकाश उजाडल्यावर निघू. त्यो जाऊन सांगावा देईल, गाव वेशीला येईल, आणि आपुन थाटात पोचू."

सरकारांना ते पटलं. मानबी राहिला आणि गाडीबी मोकळी झाली. मला त्या रात्री झोप न्हाय.

पहाटं आकाराम गेला. आमी ऊन पडल्यावर निघालो. सरकार माझ्या शेजारी पुढंच बसले, मागं आहेराची गाठोडी. धुळीचे दोन चष्मे मुंबईवरनं आणलेले, एक त्यांनी चढवला, एक मी. गावाबाहेर आलो. समोर कागलचा रस्ता, खडी दाबलेला, सरळ, आणि त्याच्यावर घोडी न्हाय, भाला न्हाय, काय न्हाय. नुसता रस्ता! मी सरकारांकडं बघितलं. सरकार म्हणाले, "बघतोस काय? सोड की."

आणि मी सोडली हो!

पहिल्यांदा झाडं मोजता येत हुती, मग न्हाय मोजता आली. काटा तिसावर, पस्तिसावर. स्टेरिंग हातात थरथरायला लागलं, दात एकमेकांवर आपटायला लागले. बैलगाड्यांची रांग दिसली, मी भोंगा दाबला. वरीसभर मुका बसलेला भोंगा असा वरडला की गाडीवानांनी आधीच बैलं शेतात घातली. चाळीस! सरकार पहिल्यांदा दाराला घट्ट धरून बसलेले, मग हसायला लागले. अवो, एवढा मिशावाला माणूस, पाळण्यात बसलेल्या पोरागत हसायला लागला. "अजून! अजून, सिकंदर!" मी अजून दाबला. पन्नास! पन्नासाला कसं हुतं सांगू? इंजिनाचा खडखडाट थांबतो. सगळा मिळून एकच सूर लागतो. चाकं जमिनीवर हायत का न्हाईत कळत न्हाय, आणि तुमाला वाटतं की आता आपुन थांबलोय आणि जगच पळतंय. मी मोठ्यानं वरडलो. काय वरडलो ठावं न्हाय.

तेवढ्यात सरकारांच्या डोक्यावरचा जरीचा पटका उडाला. सोनेरी पट्टा हवेत सुटत गेलेला मी डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितला.

"सरकार, पटका! थांबवू?"

"थांबवलास तर बघ! पळव!"

कागल मागं पडलं. पुढं रस्ता कच्चा लागला तरी मी फारसा पाय काढला न्हाय. आणि एका वळणावर, या खुदा, समोर आकाराम! पहाटं निघालेला माणूस! वाटंत त्याची सासरवाडी, तिथं गडी न्याहारीला बसला हुता. लई येळ हाय म्हणून कोंबडं कापून घेतलं, आणि जेवून आता कुटं निवांत चालला हुता. मी ब्रेक दाबला, पण घोडीनं मागनं तो आवाज ऐकला आणि ती जी बुजली! आकारामाला उसात फेकला, वळली, आणि आमच्या बाजूनं कोल्हापूरच्या दिशेनं सुसाट. म्हातारी म्हणत हुते तिला! एवढी पळताना मी तिला कधी बघितली न्हवती.

सरकारांनी वळून बघितलं. "लागलं काय रं त्याला?"

"उठून उभा राहिलाय, सरकार. शिव्या देतोय."

"मग चल!"

त्या गावाच्या वेशीला आलो तवा सूर्य डोक्यावर यायला अजून लई अवकाश हुता. मी गाडी वडाखाली उभी केली. सरकारांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी स्टेरिंगवर आपटलो. "सिकंदर, पठ्ठ्या! गाडी राहिली!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मग सरकारांनी डोक्याला हात लावला. हात तसाच ऱ्हायला. डोकं बोडकं!

आता तुमाला ठावं हाय, बोडक्या डोक्यानं माणूस मयताला जातो. लग्नाच्या मांडवात तसला मामा? मी माझा, हनवटीखालनं आवळून बांधलेला पटका काढून दोन्ही हातानं पुढं केला. सरकारांनी त्या तेलकट पटक्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. "तुझा पटका बांधून भाचीच्या मागं उभा राहू?"

"मग मी गावात जाऊन एक पटका मागून आणतो. आणि आलोय म्हणूनबी सांगतो."

"सरकार वेशीबाहेर बोडके बसलेत म्हणून गावभर सांगणार? आणि सांगावा ड्रायव्हरनं द्यायचा? म्हंजे आम्हीच दारात येऊन 'या आम्हाला घ्यायला' म्हटल्यागत झालं. आकाराम येईल."

"आकाराम चालत येतोय, सरकार! घोडी पळाली. गाडी मागं फिरवतो, आत्ता घेऊन येतो त्याला. पटकाबी हुडकतो."

"लग्नाच्या वाटेवरनं मामाची गाडी माघारी फिरवतोस? अक्कल हाय का?"

"मग तुमी खाली बसा, मी एकटाच जातो."

"रस्त्याच्या कडंला धुळीत? बोडका?"

सांगा पावणं, सांगा! काय करायचं ह्या माणसाचं? ज्या बाजूला वळावं तिथं भिंत. शंभर पावलांवर मांडव दिसत हुता. तोरण दिसत हुतं. आणि आमी दोघं वडाखाली, डोक्यापासनं पायापतोर धुळीनं पांढरे, डोळ्याला ते काळे चष्मे.

विहिरीवर पाण्याला आलेल्या बायकांनी आमाला बघितलं. मला वाटलं, चला, आता ह्याच जाऊन सांगतील. कशाचं काय! एक वरडली, "आगं, देवी टोचणारा सायब आला!" की सगळ्या घागरी तिथंच टाकून पळाल्या. गावात धडाधड दारं लागली. पोरं माळ्यावर लपवली म्हणं. थोड्या वेळानं मांडवातनं एक माणूस मामा आला काय बघायला वेशीपतोर आला. त्यानं लांबनंच चष्मे बघितले आणि धोतर वर धरून माघारी पळाला. मी हाका मारल्या तसा जास्तच पळाला. सरकार म्हणाले, "वरडू नको. शोभत न्हाय."

सूर्य वर आला. सरकार दर थोड्या वेळानं मागं रस्त्याकडं बघायचे. मी एकदा इंजिनाला हात लावला, ते गार पडलं हुतं. एवढं पळून आलेलं, आणि आता गार.

मग सनई-चौघडा वाजायला लागला. आम्हा दोघांनाबी कळलं. मंगलाष्टकं ऐकू आली, सगळी, शब्द न् शब्द. सरकारांनी चष्मा काढला. शेवटाला ताशा कडाडला, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि सरकारांनी गाडीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून रिकाम्या मुठीतनं अक्षता टाकल्यागत केलं. त्यांच्या गालावरच्या धुळीतनं पाणी वाहत हुतं. मला त्या माणसाची कणव आली, आणि त्याच वेळेला असा राग आला की त्यास्नी उचलून मांडवात नेऊन टाकावं.

ते माझ्याकडं वळले. "तुझ्या वेगानं माझ्या पोरीचं लगीन हुकवलं."

मग मला राहवलं न्हाय. "गाडीनं तुमाला सकाळीच पोचवलं, सरकार. हितनं मांडवापतोर चालायचं काम गाडीचं न्हवतं."

बापजन्मात मी त्यास्नी उलटून बोललो न्हवतो. वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ते नुसतं मांडवाकडं बघत बसले.

ऊन कललं तवा आकाराम आला. लंगडत, अंगावर उसाची पाती, हातात भाला आणि काखेत सरकारांचा पटका. घोडी हुडकायला आधी मागं गेलता, तवा कागलच्या अलीकडं रस्त्यात घावला म्हणं. सरकारांनी त्यो झटकला, बांधला. मग ह्यो आकाराम पुढं झाला आणि त्या शंभर पावलात, "बाजूऽऽ! सरकार येतायतऽऽ!" आता बाजूला व्हायला तिथं कुत्रंबी न्हवतं.

मग गाव आलं. वाजंत्री आली, आरत्या आल्या. सगळ्यांच्या पुढं शालूबाई पळत आल्या, पायात चपला न्हाईत. नवरीच्या मागं चुलतमामा उभा केला हुता. शालूबाईंनी सरकारांचा हात धरला. "दादा, सकाळधरनं हितं बसलायस? हितं? पोरगी बोहल्यावर चढताना मागं वळून वळून बघत हुती रं. बोडका आला असतास तरी चाललं असतं मला."

सरकार पटकाच सारखा करत राहिले. पण त्यांचे दाजी हुशार. रुसलेल्या पाहुण्याला कसं खुलवायचं ते त्यास्नी ठावं. म्हणाले, इंजिनाचा धडधडाट नको, वाजंत्री ऐकू येत न्हाय. आणि त्यांनी गुऱ्हाळाच्या घाण्याची बैलजोडी सोडून आणली, शिंगांना बेगड लावली, आणि ती माझ्या मोटारीला जुंपली! पुढं आकाराम, मागं वाजंत्री, मधी बैलं, त्यामागं मोटार. सरकार लाल कातड्यावर ताठ बसलेले. बायका माडीवरनं फुलं टाकायला लागल्या. मी बैलांच्या शेपट्या बघत स्टेरिंग धरलेलं. त्या मिरवणुकीत सरकारांचा चेहरा हळूहळू खुलत गेलेला मी बघितला, आणि तवाच मनाशी म्हणालो, सिकंदर, मेलास.

कोल्हापूरला आल्यावर त्यांनी मला बोलवलं. लई खुशीत हुते. "सिकंदर, आम्ही शब्द फिरवत न्हाय. पोचायला तर तू पोचवलंस. गाडी राहिली, आणि तूबी राहिलास. फक्त एक बदल केलाय."

तो बदल म्हंजे असा. सरकारांच्या मळ्यात ऊस गाळायला घाणा हुता, त्याला खिलारी जोडी. ती जोडी आता मोटारीला जुंपायची, म्हंजे सरकारांना थाटात, न तापता, न उडता जाता येईल. आणि मोटारीचं इंजिन उचकटून घाण्याला लावायचं. मी पाया पडलो. ते म्हणाले, "अरे, दोन्ही कामं झाली की! तुला कळत कसं न्हाय?" बसलिंगाप्पानं तर शाहूपुरीत सरकारांच्या डोक्याची वाहवा केली.

गवंड्यानं दगडी कट्टा बांधला, लोहारानं इंजिन त्याच्यावर बोल्टानं आवळलं, पट्टा चढवला. सुरू करायला माझ्याशिवाय कोण हाय? सणावाराला बैलांमागं स्टेरिंग धरायचं आणि गुळाच्या दिसात घाण्यावर उभं राहायचं, ही माझी नोकरी. आज इतकी वर्सं तीच करतोय.

पहिल्या दिवशी सरकार स्वतः बघायला आले. मी हँडल मारलं. इंजिन लागलं. ते म्हणाले, "भिऊ नको, हितं कोण आडवं येत न्हाय. आता तुला पायजे तेवढा वेग दे."

मी दिला. सगळा दिला. हळूहळू खडखडाट थांबला आणि तोच एकच सूर लागला, त्या कागलच्या रस्त्यावर लागलेला. उसाचा रस धो धो काहिलीत पडायला लागला, माणसं "वा, वा" करायला लागली. आणि मी तिथं दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभा.